सूर्याचा आकडा

आमच्या कॉलेजात सूर्य पंचवीस वर्षं एकाच आकड्यावर बसून होता. दर चौरस मीटरला तेराशे साठ वॅट. ढग असोत, धुकं असो, गळीत हंगामात कारखान्यांच्या धुरांड्यांनी आभाळ राखेच्या रंगाचं केलेलं असो, सूर्य आपला तेराशे साठ. कधी तेराशे अठ्ठावन्न, कधी तेराशे बासष्ट. त्याच्या पलीकडे तो गेला नाही. इतका शिस्तीचा नोकर मी त्या कॉलेजात दुसरा पाहिला नाही, आणि हे मी स्वतःला धरून सांगतोय.

मी तिथल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. कागदावर परिचर, तोंडावर मामा. पोरं मामा म्हणतात, प्राध्यापक मामा म्हणतात. एकदा गॅदरिंगला प्राचार्यांच्या सौभाग्यवतींनीही मला मामा म्हटलं. त्या नात्यानं प्राचार्य माझे भाचेजावई झाले, पण दिवाळीला नमस्काराला काही आले नाहीत.

सूर्याची शक्ती मोजण्याचा प्रयोग तसा पोरखेळ आहे. एक चपटी डबी घ्यायची, तिचं तोंड काजळीनं काळं करायचं, आत मोजून पाणी भरायचं, थर्मामीटर खोचायचा आणि काळं तोंड सूर्याकडं करून दहा मिनिटं उन्हात ठेवायची. पाणी किती अंशांनी तापलं ते बघायचं. पाण्याचं वजन माहीत, तोंडाचं क्षेत्रफळ माहीत, वेळ माहीत. गुणाकार-भागाकार केला की सूर्य आपल्या वाट्याला किती देतो ते निघतं.

असं पुस्तकात लिहिलंय. आमची पोरं दुसऱ्या टोकाकडून यायची.

"मामा, उत्तर किती आणायचं?"

"तेराशे साठ."

"मग पाणी किती अंशांनी तापवू?"

"नऊ पूर्णांक आठ लिही. शेजारच्याला नऊ पूर्णांक सात सांग. दोघांचं एकच आलं तर सरांना संशय येतो."

डबी कपाटातून बाहेरसुद्धा यायची नाही. परीक्षेच्या दिवशी मी खांद्यावर फडकं टाकून टेबलांमधून फिरायचो आणि ओठ न हलवता आकडे सोडत जायचो. बोलक्या बाहुल्या नाचवणाऱ्यानं माझ्याकडे शिकवणी लावावी असं काम होतं ते. आमचे विभागप्रमुख, त्यांना मी नुसतं सर म्हणेन, जर्नलची शेवटची ओळ वाचायचे आणि सही करायचे. त्यांच्याही काळात तो आकडा तेराशे साठच होता. मला या सगळ्यात कधी काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मजा यायची. पंचवीस वर्षांत माझ्या हातून एकही पोर त्या प्रयोगात नापास झालं नाही.

मग माझी मुलगी त्याच कॉलेजात बीएस्सीला आली.

पहिल्याच दिवशी तिनं मैत्रिणींसमोर मला काय म्हणावं? "मामा, व्हर्निअर द्या की." मी व्हर्निअर दिला आणि घरी आल्यावर तिला विचारलं, "का गं बया, मी तुझा मामा कधीपासनं?" तर म्हणाली, "पप्पा म्हटलं असतं तर सगळ्यांनी माझ्याकडनं आकडे मागितले असते."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. आणि तिला ते आवडत नव्हतं. आमच्या घरात हे नवीनच होतं. मी दहा ठिकाणी वाकून उभा राहणारा माणूस. ही पोर लहानपणी घरातलं घड्याळ दोन मिनिटं पुढं आहे हे बघून रडली होती.

दुसऱ्या वर्षाला असताना तिनं नोटीस बोर्डावरचा एक कागद वाचला. तो मीच लावला होता, चार कोपऱ्यांना चार पिना. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत उन्हाळ्याचे दोन महिने काम करायला आपल्या जिल्ह्यातून दोन विद्यार्थी घेणार होते. फक्त दुसऱ्या वर्षाचे. स्वतः केलेला एक प्रयोग आणायचा, त्याचं जर्नल दाखवायचं आणि तिथले एक साहेब कॉलेजात येऊन मुलाखत घेणार. सरांनी वर्गात सांगितलं की तिथं एकदा गेलेल्यांना पुढं एमएस्सीलाही तीच माणसं बोलावून घेतात.

तिला ती जागा पाहिजे होती. दोनांतली एक. पुढं जे काही सांगतोय ते सगळं त्या एका जागेचं आहे. आमच्याकडच्या मुली 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. जेवताना तिनं ताटाकडं बघत सांगितलं, "मी जातो पप्पा पुण्याला." जणू सामान बांधून झालं होतं.

"कुठला प्रयोग करणार?"

"सूर्याचा."

"तो कशाला? त्यात काय हाय?"

"कॉलेजात तो कुणीच केला न्हाय अजून," ती म्हणाली. माझी बायको म्हणाली, "पंचवीस वर्षं करताहेत की गं." मुलीनं माझ्याकडं बघितलं. मी आमटी मागितली.

कपाटातली डबी गंजून तिच्या बुडाची चाळणी झाली होती. म्हणून बुटाच्या पॉलिशची मोठी डबी घेऊन मी हुपरीला मेहुण्याकडे गेलो. तो चांदीचे पैंजण करतो. डबीला झाकण कथिलानं कायमचं झाळून, मागं एक बारीक नळी बसवून दे म्हटल्यावर त्यानं हातातलं काम खाली ठेवलं.

"दाजी, मी पैंजणाचा कारागीर. पॉलिशची डबी झाळाय लावताय मला?"

"भाचीला पुण्याला जायचंय."

"डबीत बसून?" असं म्हणून त्यानं ती घेतलीच. झाळ दिली, पाणी भरून हलवून बघितलं, एक थेंब गळला नाही. देताना म्हणाला, "दोन घुंगरं लावू काय खाली? चालताना वाजंल तरी."

थंडी सरत आली होती. मुलगी रोज अकराच्या सुमारास कॉलेजच्या गच्चीवर जायची. कामाची वाटणी अशी होती: ती वर स्टॉपवॉच आणि वही घेऊन, मी खाली प्रयोगशाळेत. पाणी सावलीतलं, खोलीइतकंच गार पाहिजे, म्हणून डबी भरायचं काम खाली माझ्याकडे. मोजपात्रानं बरोब्बर शंभर मिली. नळीला थर्मामीटर खोचलेलं बूच, ओल्या फडक्यात गुंडाळून डबी वर न्यायची. मग ती डबीमागं उकिडवी बसायची, स्वतःची सावली पडू नये म्हणून अंग चोरून, आणि दहा मिनिटं पापणी न हलवता पारा बघायची. वारा लागतो म्हणून तिनं डबीला थर्माकोलची चौकट केली. काजळी दर दोन दिवसांनी नव्यानं धरायची. हात धुतल्याशिवाय डबीच्या तोंडाजवळ बोट नेऊ द्यायची नाही. फक्त एक गोष्ट तिनं कधी तपासली नाही. मी भरून आणलेली डबी.

पाणी चार अंशांच्या थोडं वर तापायचं. आकडा यायचा पाचशे नव्वद. दुसऱ्या दिवशी सहाशे पाच. मग पाचशे अठ्ठ्याण्णव. दोन आठवडे सूर्य सहाशेच्या आसपास घुटमळत राहिला.

"अगं, निम्म्याहून जास्त पगार कापलास की त्याचा," मी म्हणालो.

"मला वाटतंय हवा खात असंल, पप्पा. वरनं येतंय जास्त, खरं मधल्या मधे हवा खातीय."

मी गच्चीवर उभा राहून मोठ्यानं हसलो. "हवा ऊन खातीय व्हय? मग कोल्हापूरची हवा एवढी धष्टपुष्ट का, ते आज कळलं."

ती हसली नाही. तिनं वहीत काहीतरी लिहिलं. ते तिचं बरोबर होतं, पुस्तकातसुद्धा आकड्याच्या पुढच्याच ओळीत लिहिलेलं होतं. पण ती ओळ आमच्याकडे कुणी वाचलेली नव्हती. वाचायचं कारणच नव्हतं. आकडा वरच्या ओळीत मिळत होता.

सरांनी जर्नल चाळलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "निम्मासुद्धा आकडा येत नाही, आणि हे घेऊन पुण्याच्या लोकांपुढं जाणार? कॉलेजची काय शोभा राहील? जवळ तरी आण." ती जिना उतरून खाली आली तेव्हा तिचा चेहरा मला बघवेना. मी दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणालो, "तेराशे पन्नास लिहून टाक. नऊ पूर्णांक सात."

"न्हाय."

"अगं सगळं जग लिहितंय."

"पप्पा, मला रीडिंग पायजे. आकडा न्हाय पायजे."

आता बघा, माझ्यासारख्या माणसाचं डोकं कसं चालतं. ती खोटं लिहिणार नव्हती, हे ठरलेलं. पण तिला खरंच तेवढं रीडिंग मिळालं तर? पारा खरोखर नऊ पूर्णांक सात चढला तर? मग तिनं लिहिलेलं खरं, सरांचं समाधान झालेलं, पुण्याची जागा मिळालेली, आणि कुणाच्याही हातून खोटं झालेलं नाही. माझा हात मी त्यात धरला नाही. तो धरायची मला सवयच नव्हती.

तेल पाण्याच्या दुप्पट वेगानं तापतं. हे आमच्याकडे दुसऱ्या एका प्रयोगात शिकवतात, पण मला ते त्याआधी बायकोच्या फोडणीनं शिकवलं होतं. मुलाखतीच्या दोन दिवस आधी मी घरातलं शेंगतेल पाण्याच्या बाटलीत ओतून कॉलेजला नेलं. मुलगी त्या दिवशी डबीच्या तोंडावर नवी काच बसवून वर वाट बघत होती. मी खाली मोजपात्रात शंभर मिली शेंगतेल घेतलं, डबीत ओतलं, बूच मारलं, नळी पुसली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि जिना चढलो. त्या दिवशी जिन्याला पायऱ्या कमी होत्या असं मला वाटलं.

ती डबीमागं बसली. मी पाण्याच्या टाकीला टेकून उभा राहिलो, दोन्ही हात मागं.

"पप्पा, कसला वास येतोय?"

"कॅन्टीनमध्ये भजी चाललीत."

"अकरा वाजता?"

"पावणं आलेत कुणीतरी प्राचार्यांकडं."

तेवढ्यात पारा चढायला लागला आणि ती वास विसरली. चौथ्या मिनिटाला तिनं थर्मामीटरला नाक लावलं. सातव्या मिनिटाला ती कुजबुजली, "पप्पा, इकडं या. न्हाय, नको, सावली पडंल. तिथंच थांबा." दहा मिनिटं झाली. नऊ पूर्णांक सात.

तिनं गणित केलं आणि पान उलटून पुन्हा केलं. "तेराशे पन्नास," ती म्हणाली. "पप्पा, काच बसवली म्हणून. वाऱ्यानंच खाल्लंतं सगळं. हवेनं न्हाय." पण तिला एवढ्यावर भरवसा नव्हता. म्हणाली, डबी गार करून पुन्हा भरून आणा. मी खाली गेलो, पुन्हा तेल भरलं, पुन्हा वर आलो. मग तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा तेवढंच.

"तीनदा आलं!" असं ओरडून ती उठली आणि माझ्या गळ्यात पडली. कॉलेजच्या गच्चीवर, भर अकरा-बाराच्या उन्हात, जिथं मी तिचा मामा होतो. समोरच्या वर्गातल्या पोरांनी खिडकीतून शिट्ट्या मारल्या. मी त्यांना हात वर करून नाटकातल्या राजासारखा नमस्कार केला. आयुष्यात इतका खूश मी फार थोड्या वेळा झालोय, आणि तो आनंद अजूनही आठवला की चांगलाच वाटतो. हीच त्यातली वाईट गोष्ट.

तिनं जर्नलमध्ये सगळं लिहिलं. दोन आठवड्यांची सहाशेची रीडिंगं, मग शेवटच्या दिवसाची तीन. खाली तिच्या अक्षरात एक टीप: आधीची रीडिंगं कमी का आली हे मला नक्की सांगता येत नाही.

साहेब आले ते साधेच होते. पायात चपला, खांद्याला पिशवी. लायब्ररीत टेबल मांडलं होतं. साहेब, त्यांच्याशेजारी सर, समोर माझी मुलगी. चहाचा ट्रे घेऊन मी आत गेलो तेव्हा साहेब जर्नल वाचत होते, आणि चेहऱ्यावर असं काही होतं की माझ्या मनात आलं, झालं, गेली पोर पुण्याला.

"ही सहाशेची रीडिंगं तुझीच?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"वारा, सावली, काजळी, सगळं लिहून ठेवलंयस. फार छान. साध्या डबीतून सहाशे म्हणजे उत्तम काम आहे." त्यांनी पान उलटलं. "आणि हे?"

"शेवटच्या दिवशीचं आहे सर. तेराशे पन्नास. तीनदा घेतलं."

साहेबांनी जर्नल खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, "बाळ, हा पुस्तकातला आकडा आहे ना, तो हवेच्या वरचा आहे. तिथून खाली येईपर्यंत हवा, वाफ, धूळ काही ना काही काढून घेते. शिवाय तुझी डबी स्वतः तापून उष्णता सोडणार. कोल्हापूरच्या गच्चीवर बसून हा आकडा कुणालाच मिळू शकत नाही. मलाही नाही."

ती म्हणाली, "काच बसवली होती सर."

"काचेनं थोडा फरक पडेल. दुप्पट नाही पडत. पुस्तकात बघून लिहिलंस का?"

"नाही सर."

"मग कसा आला?"

"मला माहीत नाही सर."

सर तोपर्यंत खिडकीतून बाहेर बघायला लागले होते. मी ट्रे घेऊन उभा. तीन शब्दांचं काम होतं: तेल मी घातलं. समोर सर होते, नोकरीची शेवटची आठ वर्षं होती, आणि पंचवीस वर्षांत मी त्या इमारतीत मोठ्या आवाजात एकही खरा आकडा सांगितलेला नव्हता. मी तोंड उघडलं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"साहेब, साखर?" मी विचारलं.

साहेब म्हणाले, नको.

मुलाखती संपल्यावर मी डबी एप्रनखाली धरून वाहनतळावर धावत गेलो. साहेब एकटेच गाडीजवळ उभे होते. सर सत्काराचा नारळ आणायला मागं गेले होते. मी धापा टाकत सांगितलं, "साहेब, त्या मुलीची रीडिंगं खरी हायत. पारा तेवढाच चढलेला. डबीत पाणी न्हवतं, शेंगतेल होतं. मी भरलेलं. तिला ठाऊक न्हाय." त्यांना पटेना असं दिसलं तेव्हा मी बूच काढून हातावर तेल ओतलं. त्यांनी बोट बुडवलं, वास घेतला. मग त्यांचे ओठ हलायला लागले. मला ते ओठ ओळखू आले. माझी पोर गणित करताना असेच हलवते.

तेवढ्यात सर आले. काखेत शाल, हातात नारळ. "मामा, सुरू झालं का तुमचं? साहेब, हे आमचे मामा. कुठल्याही पोरासाठी काहीही करतील. आणि ही तर त्यांची स्वतःची मुलगी."

साहेबांचे ओठ थांबले. त्यांनी रुमालानं बोट पुसलं, नीट, नखाच्या कडेपर्यंत.

"तुमची मुलगी?"

"व्हय साहेब."

"मलाही एक आहे," ते म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मी समजू शकतो."

फार मायेचा हात होता. तेलाच्या हातानं मला तो बाजूलाही करता येईना. गाडी गेली, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा खरं बोललेला मी माझ्या तेलकट ओंजळीकडं बघत उभा राहिलो. त्याआधीची पंचवीस वर्षं माझ्याविरुद्ध साक्ष देऊन गेली होती, आणि साक्षीत एक अक्षर खोटं नव्हतं.

मुलीला मी स्कूटरवर सांगितलं. ती मागं बसलेली, मी पुढं बघत. समोरासमोर सांगण्याची छाती नव्हती. तेल, बाटली, तिन्ही वेळा, वाहनतळ, सगळं. आरशात नुसता तिचा खांदा दिसत होता. दोन चौक गेले आणि ती म्हणाली, "गाडी थांबवा."

थांबवली ती नेमकी उसाच्या रसाच्या गाड्यासमोर. ती उतरली, पिशवीतून वही काढली आणि स्कूटरच्या सीटवर उघडली.

"किती घातलंतं?"

"शंभर मिली."

"अंदाजानं?"

"न्हाय, मोजपात्रानं."

"म्हणजे तेवढं तरी खरं हाय," ती म्हणाली. तेल तापायला पाण्याच्या मानानं किती उष्णता लागते ते तिनं फोनवर शोधलं आणि लिहायला लागली. रसवाला ओरडला, "पावणं, दोन करू काय? आलं-लिंबू घालून?" मी त्याला हातानं थांबवलं. तिनं उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि वही माझ्याकडं फिरवली. पाचशे अठ्ठ्याऐंशी.

"बरोबर आलं," ती म्हणाली.

माझ्या तेलातूनही तिचाच आकडा निघाला होता. मी उडीच मारली. "आलं की! चल, बस गाडीवर. फाट्यापर्यंत गाठू त्यांना. दाखव हे."

"तुम्ही डबी दाखवली न्हवती?"

"दाखवली."

"मग? आता मी हे घेऊन गेलो तर म्हणतील, बापानं तेल आणलं, पोरीनं गणित आणलं."

रसवाला आता आमच्याकडंच बघत होता. ती वही बंद करून म्हणाली, "एकच सांगा पप्पा. माझं सहाशे तुम्हाला खोटं वाटलंतं?"

मी हो म्हणालो.

"म्हणजे दोन आठवडे मी वर बसायचो आणि तुम्हाला वाटायचं, हिला जमत न्हाय."

रसवाल्यानं न विचारता दोन ग्लास आणून सीटवर ठेवले. आम्ही रस प्यालो. तिनं ग्लास परत नेऊन दिला आणि मागं बसली.

निवड झालेल्यांची यादी आली. एक मुलगा आमच्याच जिल्ह्यातल्या मलकापूरकडचा होता, दुसरी मुलगी शहरातलीच. ती यादी नोटीस बोर्डावर लावायचं काम माझं होतं आणि मी ते केलं. पुढच्या वर्षी पुन्हा कागद आला, पण तो दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी होता आणि ती तिसऱ्या वर्षाला गेली होती. बीएस्सीला तिला पहिला वर्ग मिळाला. एमएस्सीचा फॉर्म मी दोनदा आणला. दोन्ही वेळा तिनं घडी न मोडता परत दिला, रागानं नाही, वाण्याचं जास्तीचं आलेलं सामान परत करावं तसा. आता ती कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीच्या प्रयोगशाळेत आहे. वितळलेल्या लोखंडाचं तापमान तासातासाला लिहायचं. तिथला सुपरवायझर म्हणतो म्हणे की तुमचे आकडे जरा जास्तच खरे असतात, थोडे सारखे करून लिहीत जा. हे तिनं मला सांगितलेलं नाही, तिच्या आईला सांगितलं. माझ्याशी ती बोलते. भाजी, गॅस, बसची वेळ, सगळं बोलते. कामाचं बोलत नाही.

आणि कॉलेजात काय झालं? साहेब गेल्यावर सरांनी वर्गात सांगितलं की पुण्याच्या तज्ज्ञांच्या मते योग्य आकडा सहाशे आहे. झालं. पंचवीस वर्षं अढळ असलेला सूर्य एका दुपारीत तेराशे साठवरून सहाशेवर उतरला. पोरांनी ते तात्काळ मान्य केलं. पाचशे अठ्ठ्याण्णव, सहाशे दोन, सहाशे एक. मी आता कुणाला काही सांगत नाही, विचारलं तर डबी काढून हातात देतो. पण कुणी विचारायलाही येत नाही, आदल्या वर्षाची जर्नलं आहेतच की. यंदा जुलैत अठरा दिवस कोल्हापुरात ऊन पडलं नाही. गच्चीवर शेवाळ धरलं होतं. त्या अठरा दिवसांत एका तुकडीनं सूर्य मोजला आणि सगळ्यांचा सहाशे आला. सरांनी सह्या केल्या.

मला हे फारच भारी वाटलं. रविवारी दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो, तिची सुट्टी होती, आणि मी तो किस्सा हातवारे करून सांगितला. सर चष्म्यावरून कसे बघतात, पोरं छत्री मिटून सूर्याची रीडिंगं कशी लिहितात, सगळं. बायको हसून हसून पाणी प्यायली. शेवटी मी मुलीला म्हणालो, "बघ की, तुझा आकडा आता सगळं कॉलेज लिहितंय. कायमचा झाला तो."

ती भाकरी मोडत होती. "अठरा दिवस ऊन न्हवतं?"

"टिपूस न्हवता उन्हाचा."

"आणि सहाशे?"

"एकूण एक पोराचा."

"मग तो माझा न्हाय," ती म्हणाली आणि जेवायला लागली.

"काय न्हाय तिचं?" बायकोनं मला विचारलं. मी आमटी मागितली. तिनं दोघांच्याही ताटात आमटी वाढली.